चवड्यामागची कड

बुधवार उजाडला की मिस्त्रीला सकाळचा चहासुद्धा कडू लागायचा. बुधवारी अकराच्या सुमाराला बारा नंबरच्या बसचा ड्रायव्हर पायांच्या दवाखान्यात यायचा, बूटमोजे काढायचा आणि आपला उजवा पाय सरळ मिस्त्रीच्या बायकोच्या मांडीवर ठेवायचा. मध्ये टॉवेल असे, हे खरं. पण टॉवेल तो केवढा आणि त्याची जाडी ती किती!

दवाखाना दोन खोल्यांचा. पुढच्या खोलीत मिस्त्रीची बायको नर्स होती आणि तिचं काम फक्त पायांचं. मागच्या खोलीत मिस्त्री बुटात घालायचे सोल बनवी. पेशंटच्या तळव्याचा ठसा घ्यायचा, त्याबरहुकूम सोल कापायचा, जिथे भार पडतो तिथे खोलगट करायचं, जिथे आधार हवा तिथे उशी लावायची आणि मशीनवर घासून घासून तो इतका गुळगुळीत करायचा, की बूट घातल्यावर माणूस सोलाला विसरून गेला पाहिजे. ह्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दोन खोल्यांच्या मध्ये काचेची भिंत होती. ती ज्याने कुणी बसवली त्याला मिस्त्री रोज मनातल्या मनात शिव्या घाली, आणि रोज सकाळी तीच काच ओल्या फडक्याने लख्ख पुसून ठेवी.

बाकीच्या पेशंटांबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. कापडदुकानातल्या बाई दिवसभर उभं राहून टाचदुखी घेऊन येत. त्यांना बायको सांगे, सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी पाय ताणा, संध्याकाळी गार पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवा. एक पहिलवान गडी अंगठ्याचं नख आत रुतलं म्हणून आला आणि चिमटा बघूनच आईला हाका मारू लागला. नखं गोल कोरू नका, सरळ कापा, असं ती त्याला समजावत होती तेव्हा मिस्त्री मागच्या खोलीत खुशाल हसत होता. पोहण्याच्या तलावावरच्या शिक्षकाला बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या. त्याला ती दर वेळी बजावी की मलम नंतर, आधी बेचक्या कोरड्या करायला शिका. भेगाळलेल्या टाचा, घट्टे, भोवऱ्या, अंगठ्यापाशी बाहेर आलेली हाडं, दिवसाला वीस पाय तिच्या मांडीवर येऊन जात. मिस्त्रीला त्यातला एकही खुपला नव्हता. शिवाय सगळे पेशंट तिला ‘सिस्टर’ म्हणत, आणि नवरा म्हणून त्याला ते फार सोयीचं वाटे.

बारा नंबर तेवढा ‘मॅडम’ म्हणायचा.

त्याला साखर होती. साखरेच्या पेशंटचे पाय हळूहळू बधिर होत जातात, आणि बधिर पायाला खडा टोचला, चटका बसला तरी मालकाला पत्ता लागत नाही. म्हणून बस कंपनीचा नियम होता, की साखर असलेल्या ड्रायव्हरने दर महिन्याला पाय तपासून चिठ्ठी आणायची. चिठ्ठी महिन्याची आणि हा गडी येणार आठवड्याला! चवड्याखाली एक भोवरी होती, तिचं निमित्त. सिस्टर पात्याने ती हलक्या हाताने तासून काढी, मलम लावी, आणि मग नायलॉनचा धागा घेई. पेनासारख्या दांडीला बसवलेला तो जाड धागा तळव्यावर दहा ठिकाणी टेकवायचा, पेशंटने डोळे मिटून बसायचं आणि कळलं की ‘हो’ म्हणायचं, अशी ती तपासणी.

बारा नंबर डोळे मिटायचा, पण पुरते नाही. पापण्यांच्या फटीतून तो तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. एकटक. आणि मग हळूच, अगदी लाडात आल्यासारखं, “हो.” पुन्हा टक लावून बघणं, पुन्हा “हो.” दहा वेळा! मिस्त्रीने ही नजर काचेतून बरोबर टिपली होती. त्याच्या तळपायाची आग मस्तकाला जायची, आणि पायांच्या दवाखान्यात नोकरी असूनही त्या आगीवर तिथे मलम नव्हतं.

त्यातून एका रात्री जेवताना सासूबाईंनी भर घातली. त्या लेकीकडेच राहत आणि दिवसभर खिडकीत बसून रस्त्याची हजेरी घेत.

“जावईबापू, ऐकलंत का? तो बारा नंबरवाला आज हिला थेट आपल्या दारात उतरवून गेला. स्टॉप नाही, काही नाही! माणूस भला आहे हो.”

जावईबापूंचा घास घशात अडकला. दवाखाना साडेपाचला बंद होई. बायको बारा नंबरने घरी येई आणि मिस्त्री उरलेलं घासकाम आटोपून सातला निघे. म्हणजे मधल्या दीड तासात काय काय चालतं ते खिडकीतून सासूबाईंना दिसणार आणि आपण तिकडे धूळ खात बसणार!

“दारात उतरवतो?” त्याने बायकोला विचारलं.

“हातात औषधांचं खोकं होतं माझ्या.”

“खोकं घेऊन चढणाऱ्या सगळ्यांना उतरवतो का दारात?”

“ते त्याला विचारा.”

“आणि धागा लावतेस तेव्हा तुझ्या तोंडाकडे काय बघत असतो तो?”

बायकोने ताटातून मान वर केली. “तुम्ही तिथे सोल बनवता की पहारा करता? अहो, माझ्या मांडीवर पाय येतो. माणूस खुर्चीत राहतो. मला घोट्याच्या वरचं काही दिसत नाही.”

“तुला नसेल दिसत. त्याला दिसतं ना!”

“काविळीच्या डोळ्यांना सगळं पिवळंच दिसायचं,” असं म्हणत सासूबाई हात धुवायला उठल्या. आग लावायची आणि पाण्याला आपणच आधी पोचायचं, ही त्यांची जुनी रीत होती.

मिस्त्रीला झोप लागली नाही. त्याला खुपत होतं ते दारात उतरवणं नव्हे. बायको घरी येई तेव्हा तिचं बोलणं, हसणं सगळं तिकडेच खर्चून आलेलं असे. ‘भात वाढू का’ आणि ‘दिवा मालवा’ एवढंच त्याच्या वाट्याला यायचं. बुधवारी मात्र ती त्या माणसाचा पाय दोन्ही हातांत धरून विचारायची, “इथे दुखतं? आणि इथे?” इतक्या मायेने तिने आपल्याला शेवटचं कधी विचारलं, हे मिस्त्रीने आठवून पाहिलं. आठवेना. तो जळत होता, आणि जळतोय हे त्याला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं.

पुढच्याच बुधवारी बायकोने फोमची पेटी काचेवर टकटक करून आत दिली. पेटीत बारा नंबरचा ठसा होता.

“भोवरी सारखी सारखी होतेय. चवड्यामागे उशी द्या, म्हणजे भार मागे जाईल. सोल आजच हवाय, ते चारला परत येतील. आणि जरा मन लावून करा.”

‘मन लावून करा’ हे शब्द तिने टाळले असते तर पुढचं टळलं असतं की काय, सांगता येत नाही.

मिस्त्रीने ठसा उजेडात धरला. पाच बोटं, रुंद चवडा, टाच. माणूस नुसत्या ठशातसुद्धा ऐसपैस पसरून बसला होता. त्याने सोल कापला, उशी चिकटवली. उशी चवड्याच्या हाडांच्या मागे बसवायची आणि तिची कड घासत घासत सोलाशी सपाट करायची, हे तो झोपेतसुद्धा करू शकला असता. ती बोटभर पुढे सरकली की औषधाचंच विष होतं. मिस्त्रीने ती बोटभर पुढे सरकवली. आणि समोरची कड घासलीच नाही. उलट पात्याने सरळ कापून टोकदार ठेवली. वरून पातळ कातडं डकवलं, की बघणाऱ्याला काही दिसू नये.

मग त्याने तो सोल स्वतःच्या बुटात घालून पाहिला. पहिलं पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्याला त्याने “आई गं” म्हणत टेबल धरलं आणि मनापासून खूश झाला.

आपण फार वाईट करतोय असं त्याला वाटलं नाही. त्याचा हिशेब साधा होता. बारा नंबरला टोचणार, दोन दिवसांत तो लंगडत येणार, आणि ह्या खेपेला पुढच्या खुर्चीत नाही, मागच्या दारात. मग आपण चष्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचं, “ठेवून जा, बघू सवडीने.” चार खेपा घालायला लावायच्या. जिरली की कड घासून द्यायची. ज्या पायाला दुखतं तो पाय स्वतःला सांभाळतो, हे तर बायकोचंच आवडतं वाक्य होतं. टोचलं की काढून ठेवील बूट, त्यात काय एवढं!

चारला बारा नंबर सोल घालून गेला. गुरुवारी आला नाही. शुक्रवारी आला नाही. शनिवारी मिस्त्रीला राहवेना. काम अर्धवट टाकून तो साडेपाचला बायकोबरोबर निघाला.

“आज काय सूर्य पश्चिमेला उगवला?” बायकोने विचारलं.

“मशीन तापलंय,” तो म्हणाला. ते खोटं होतं आणि खरंही.

बस आली. बायको नेहमीसारखी ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसली, मिस्त्री शेजारी. बारा नंबरने आरशातून दोघांना पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

“अरे वा, मिस्त्री! सोल फर्स्टक्लास झालाय हं! गादीवर पाय ठेवल्यासारखं वाटतंय.”

“कुठे... टोचत वगैरे नाही?”

“छे हो! मॅडम, तुमचे मिस्टर म्हणजे कलाकार आहेत.”

“आहेतच,” बायको म्हणाली आणि चक्क हसली. ते हसू नवऱ्यासाठी होतं, पण मिस्त्री तेव्हा खाली बघत होता. बारा नंबरचा उजवा पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर, तिथून परत ब्रेकवर जात होता. प्रत्येक दाबासरशी ती कड चवड्यात घुसत असणार. ज्या कडेवर आपल्याला तिसरं पाऊल टाकवलं नाही, त्या कडेवर हा माणूस तीन दिवस बस चालवतोय, आणि वर हसतोय!

मिस्त्रीने त्यातून काय अर्थ काढावा? तर हा माणूस सोसतोय, असा. हिच्या हातून आलेली वस्तू म्हणून मुकाट सोसतोय, आणि हिच्यासमोर हूं की चूं करत नाही. आपण स्वतः बायकोसाठी असं कधी काही सोसलं होतं का? हा विचार मनात आला आणि मिस्त्रीला बारा नंबरचा नुसता हेवा वाटेना, त्याची भीती वाटू लागली. इतकं प्रेम करणाऱ्यापुढे आपला टिकाव कसा लागणार?

बुधवारी त्याने बारा नंबरला पुढच्या खोलीत पोचूच दिलं नाही. दारातच गाठलं.

“या, आधी माझ्याकडे या. सोल बघू कसा बसलाय.”

मागच्या खोलीत तो कुणाला अनवाणी येऊ देत नसे. जमिनीवर बारीक खिळे सांडलेले असत, आणि चपट्या डोक्याचा खिळा पडला की टोक वर करूनच पडतो. पण आज त्याला घाई होती. बारा नंबर स्टुलावर बसला, बूट काढले आणि कंपनीच्या निळ्या मोज्यांवर उठून खिडकीपाशी गेला.

“इथून आमचा स्टॉप दिसतो की!” असं म्हणून तो परत फिरला. त्याच्या चालण्याबरोबर बारीक आवाज येत होता. टक. टक. टक. डावं पाऊल मुकं, उजवं पडलं की टक.

मिस्त्रीने खाली पाहिलं. उजव्या मोज्याच्या टाचेत खिळा रुतला होता, डोक्यापर्यंत. बारा नंबर त्यावर पुरा भार देऊन उभा होता आणि बस कंपनीच्या नव्या वेळापत्रकाला नावं ठेवत होता.

“थांबा,” मिस्त्री म्हणाला. त्याच्या पायाखालची जमीन सरकली. “हलू नका. बसा.”

“का? काय झालं?”

मिस्त्रीने गुडघ्यावर बसून खिळा उपसला आणि त्याच्यासमोर धरला. बारा नंबरने खिळ्याकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे. त्याचं तोंड एकदम उतरलं.

“मॅडमना सांगू नका,” तो पुटपुटला. “मिस्त्री, पाया पडतो तुमच्या. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलंय.”

“किती दिवस झाले?”

“दोन वर्षं होतील. आधी बोटं गेली, मग चवडा. आता घोट्यापर्यंत काही नाही.”

“आणि धागा? दर वेळी बरोबर ‘हो’ म्हणता ते?”

बारा नंबर ओशाळून हसला. “धागा टेकवताना मॅडम खालचा ओठ दातात धरतात. ओठ धरला की मी म्हणतो, हो.”

तर ती नजर ह्यासाठी होती. खालचा ओठ दातात धरायची तिची सवय सुईत दोरा ओवतानाची, आपल्याशिवाय जगात कुणालाच ठाऊक नाही अशी मिस्त्रीची समजूत होती. एवढ्या गोंधळातही त्याला ते झोंबलं.

मग त्याने बुटातला सोल बाहेर काढला. कडेवरचं कातडं ओलसर, तांबूस झालं होतं. टोचलं की ओरडेल, ओरडला की काढून ठेवील, हा सगळा हिशेब ज्याला टोचतं त्याच्यासाठी होता. हा माणूस आठवडाभर त्या पात्यावर उभा होता आणि गादीवर उभा आहे असं समजत होता.

“एवढं... एवढं घासून देतो,” असं म्हणून मिस्त्री मशीनकडे वळला. मशीन सुरू झालं. आधी कड गेली, मग डाग गेला. दोन मिनिटांत सोल असा झाला, की कुठल्याही प्रदर्शनात ठेवावा. पुरावा म्हणून उरली ती नुसती धूळ, आणि तीही त्याने फुंकून टाकली.

हात मशीनवर होते तरी डोकं चालूच होतं. गप्प बसावं तर सगळं झाकलेलं राहतं. बोलावं तर बारा नंबरची बस सुटते, बुधवार सुटतात, दारात उतरवणं संपतं. जे मिस्त्रीला हवं होतं ते आयतंच पुढ्यात आलं होतं, एका वाक्यावर. आणि आता तर कडही राहिली नव्हती, म्हणजे आपलं नाव यायचं कारण नाही. खरं सांगायचं तर ह्या विचाराने त्याला क्षणभर गुदगुल्या झाल्या. मग त्याला शनिवारचा तो पाय आठवला, ब्रेकवरून सरकणारा, ब्रेक कुठे आहे हे न कळणारा. आणि त्याच्या बरोबर मागे बसलेली बायको. रोज साडेपाचला.

त्याने दार उघडलं. “अगं, ह्यांना धागा परत लाव. डोळ्यांवर टॉवेल टाकून लाव.”

“मिस्त्री!” बारा नंबर एवढंच म्हणाला.

बायकोने एकदा नवऱ्याकडे आणि एकदा पेशंटकडे पाहिलं. खुर्चीत बसवून तिने बारा नंबरच्या डोळ्यांवर टॉवेल घातला आणि धागा घेतला. अंगठा. चवडा. करंगळीखाली. टाच. तिने प्रत्येक ठिकाणी दोनदा टेकवला. बारा नंबर खुर्चीचे हात घट्ट धरून बसला होता. दहा ठिकाणं झाली. धागा टेकला तेव्हा ‘हो’ एकदाही आला नाही, आणि मध्येच एकदा, पायाजवळ धागा नसताना, त्याने अंदाजाने “हो” म्हटलं तेव्हा सिस्टरने डोळे मिटून घेतले.

मग तिने पाय उलटा करून दिव्याखाली घेतला. चवड्याखाली, भोवरीला लागूनच, आडवी जखम होती, बोटाच्या पेराएवढी, कडांना पांढरी, मऊ पडलेली.

त्यानंतर ती भराभर कामाला लागली. दवाखान्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते तासाभरात येतो म्हणाले. जखम मिठाच्या पाण्याने धुतली, भोवतीची मेलेली कातडी पात्याने काढली, टाचेतला खिळ्याचा व्रण साफ केला. पट्टी बांधता बांधता ती सांगत होती, “हा पाय टेकवायचा नाही. पाण्यात भिजवत ठेवायचा नाही. शेक घ्यायचा नाही, चटका बसेल आणि कळणार नाही. रोज रात्री आरशात तळवा बघायचा. पांढरे मोजे घाला म्हणून मी सांगत होते, ते अशासाठी. डाग दिसला असता. आणि बस नाही. आजपासून नाही.”

“मॅडम, दीड वर्ष...”

“डेपोत डॉक्टर बोलतील. बसून करायचं काम मागू. पाय राहिला तर काम.”

सिस्टरने सोल मागितला. मिस्त्रीने दिला. तिने त्यावरून अंगठा फिरवला, पुढून, मागून, पुन्हा पुढून. सोल लोण्यासारखा होता.

“सोल तर नीट आहे,” ती म्हणाली. “मग हे माझंच. भोवरी तासताना माझंच पातं खोल गेलं असणार. आणि दर महिन्याला मीच सही केली, पाय ठीक आहे म्हणून. वीस वर्षं पाय बघतेय आणि मला...”

ती रडत नव्हती. पण स्वतःचा उजवा हात तिने डाव्या हातात असा धरला होता, की जणू तो आता कुणाच्या पायाला लावायचा नाही. मिस्त्रीने बाकी सगळं सोसलं असतं. तिचा राग, नोकरी, सासूबाईंच्या खिडकीतली शेरेबाजी. हे त्याला सोसेना.

“पातं नाही,” तो म्हणाला. “सोल होता. मी आत्ता घासला. उशी मी मुद्दाम पुढे लावली होती. कड ठेवली होती. मुद्दाम.”

पाण्याचा नळ ठिबकत होता.

“कशाला?” बायकोने विचारलं. तिला उत्तर माहीत असावं, कारण तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. “मला नाही. त्यांना सांगा.”

मिस्त्री बारा नंबरसमोर उभा राहिला. खोटं बोलायला जागा उरली नव्हती.

“तुमचा हेवा वाटत होता मला,” तो म्हणाला. “दर बुधवारी ही तुमचा पाय मांडीवर घेते. असा दोन्ही हातांत धरून. मला बघवत नव्हतं.”

बारा नंबरने टॉवेल डोळ्यांवरून कधीच काढला होता. तो मिस्त्रीकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग यायच्या आधी भलतंच काहीतरी आलं. तो हसण्याच्या बेतात होता, पण हसू आलं नाही.

“माझा हेवा?” तो म्हणाला. “मिस्त्री, मी दर बुधवारी का यायचो सांगू? मला माझा पाय कळत नाही, म्हणून. आठवड्यातून एकदा कुणीतरी तो बघावा, आहे ना जागेवर ते सांगावं, म्हणून यायचो. मॅडम मायेने धरतात, असं तुम्ही म्हणता. असतील धरत.”

मिस्त्रीला मान वर करवेना. बारा नंबरही मग त्याच्यावरची नजर काढून खिडकीबाहेर बघू लागला, जिथे त्याचा स्टॉप होता. थोड्या वेळाने, तोंड तिकडेच ठेवून, त्याने विचारलं, “मॅडम, झालं का? सोडलात का पाय?”

सिस्टरच्या दोन्ही हातांत तो पाय होता. तिने तो अजून सोडला नव्हता.